सासरवाडीच्या घराला वळण

छपराच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात नव्हता. हे मी आता म्हणत नाही. मागच्या उसाच्या हंगामापर्यंत रोज म्हणत होतो.

मी गहिनीनाथ. बीडला बसस्टँडच्या मागं माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की मी घरं बांधतो. लॅपटॉपवर! घराचं डिझाइन करायचं एक सॉफ्टवेअर फुकटात मिळालं, ते उतरवून घेतलं आणि यूट्यूबवरच्या एका हिंदी मास्तरचे व्हिडिओ बघून शिकलो. माउस ओढला की भिंत उभी. टिचकी मारली की दार. सिमेंट नको, वाळू नको, मिस्तरीचे खाडे नकोत. जेवण करून बसलो की चहापर्यंत बंगला तयार, माणसं राहायला यायचीच काय ती बाकी.

"एवढे बंगले बांधता, तर मोरीचा नळ बी बघा की जरा," बायको म्हणायची. मनिषा तिचं नाव. माहेर सिरसाळ्याच्या पुढची एक वस्ती.

"कलावंताच्या घरातला नळ गळायचाच," मी म्हणायचो.

एकच सल होती. माझी सगळी घरं चौकोनी. त्या हिंदी मास्तरनं एका व्हिडिओत सांगितलं होतं, सरळ छप्पर कुणीही काढतो. छपराच्या कडेला ज्याला गोलाई देता आली तो खरा डिझायनर, बाकीचे नुसते डबे काढणारे. ते 'डबे' मला फार लागलं. पण कड वळवायची तर कुणाचं तरी खरं घर पाहिजे, आणि झेरॉक्स काढायला आलेला माणूस घराचं काम देत नाही.

ती संधी सासऱ्यांनी दिली.

शहादेवमामा, म्हणजे माझे सासरे, आणि कडूबाईमामी दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या गावाला पाचटाच्या कोपीत राहायचं, दिवसभर उसाच्या फडात राबायचं आणि पाडव्याच्या पुढंमागं घरी यायचं. मेहुणा परमेश्वरही सोबत. हा परमेश्वर लग्नाला आलेला. पोरगा देखणा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, पण मुलीकडचे घर बघायला यायचे आणि पत्र्याचं घर बघून अर्धा चहा ठेवून उठायचे. शेवटी मामांनी ठरवलं, पत्रे काढायचे आणि पक्कं घर बांधायचं. हंगामाला जाताना काम सिरसाळ्याच्या पप्पू मिस्तरीवर सोपवलं आणि नकाशा माझ्यावर.

"मामा, असं घर काढतो की पाव्हणे उठायचं नाव घेणार नाहीत," मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

बेत साधा होता. मागं सपाट स्लॅब, पुढं ओसरीवर उतरता स्लॅब. भिंती उठल्या आणि एके दुपारी मामांचा फडातून फोन आला. मागं ट्रॅक्टर धडधडत होता, ट्रॅक्टरवर टेप लागलेला, आणि टेपपेक्षा मोठ्यानं कुणीतरी मुकादमाला हाका मारत होतं. त्या गदारोळातून मला जे ऐकू आलं ते असं:

"जावई, येक सांगायचं ऱ्हायलं. घराला वळण पायजे बरं का."

माझ्या अंगावर काटा आला. ऊस तोडणारा माझा सासरा छपराला गोलाई मागत होता!

"कुठून देऊ, मामा?"

"कुठून म्हंजी? पुढून. ओसरीच्या म्होरं. चांगली लांब."

"केवढं?"

"खाली मानूस निवांत बसला पायजे, येवढी. दुसरं काय बी मागत न्हाई मी. तेवढी येकच हौस हाय."

वळण, आणि 'चांगली लांब'? वळण, आणि 'येवढी'? जरा खटकलं. पण सासऱ्याचं व्याकरण जावयानं तपासू नये. मी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून कामाला लागलो.

छपराची कड वळवणं काय असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच माहीत. पहिल्यांदा छप्पर तळलेल्या पापडासारखं झालं. नंतर ते घर सोडून वर गेलं आणि तिथंच थांबलं. खाली भिंती, वर छप्पर, मध्ये माझा जीव. मनिषा डबा घेऊन आली तेव्हा ते एका कोपऱ्यातून खाली लोंबत होतं.

"ही गोधडी कुणाची?" तिनं विचारलं.

"गोधडी नाही. तुझ्या बापाचं घर आहे."

"मग घरावर कावून वाळत घातलीय?"

मी लॅपटॉप दुसरीकडं फिरवला. असल्या वातावरणात कला वाढत नाही.

शेवटी ती चौकट सापडली. वळणाचा आकडा टाकायची चौकट. त्या आकड्याआधी अधिक किंवा उणे अशी खूण करायची असते. कधी अधिक आणि कधी उणे, हे मास्तर व्हिडिओत सांगतच होता, पण नेमका तेव्हाच एकजण आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आला. तो गेला तोवर मास्तर पुढं निघून गेला होता. मी आकडा टाकला, खूण होती तशीच ठेवली, आणि कड वळली! समोरून बघितलं तर लुगड्याच्या काठासारखी सुरेख. वरून बघितलं तर सुरेख. बाजूनं बघायला गेलो तर लॅपटॉप अडकून बसला. म्हटलं जाऊ दे, घराला बाजूनं कोण बघतंय, पाव्हणे काय पुढूनच येतात.

समोरचं चित्र मी स्टेटसला लावलं. मग सॉफ्टवेअरमधून सगळ्या बाजूंची चित्रं आपोआप निघतात ती काढली, आणि न उघडता पप्पू मिस्तरीला पाठवून दिली.

पप्पूचा लगेच फोन. "साहेब, असलं काम मी जिंदगीत केलं न्हाई."

मीही नाही, असं खरं म्हणजे म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "म्हणून तर तुला दिलंय."

"पर ही कड अशी..."

"पप्पू, चित्रात आहे तसं करायचं. तंतोतंत. स्वतःचं डोकं लावायचं नाही."

त्यानं डोकं लावलं नाही, पण जीव लावला. तेलाचे जुने बॅरल उभे चिरून त्याचे साचे केले, त्यात गज वाकवले आणि कड ओतली. तिकडं फडात परमेश्वरनं माझं स्टेटस बघितलेलं, पण त्याच्या मोबाइलची काच फुटलेली, ती चीर नेमकी छपरावरून गेलेली, त्यामुळं कड कुणालाच नीट दिसली नाही. तरी त्यानं फोन करून सांगितलं, "दाजी, लई भारी दिसतंय. टोळीतल्या समद्यांनी बघितलं." मी तो आठवडा रस्त्यानं जाताना लोकांच्या छपरांकडं कीव करत बघत होतो.

पाडवा जवळ आला आणि परमेश्वरला लिंबागणेशचं स्थळ सांगून आलं. मुलगी सायली. शिकलेली, कामाची. तिचे वडील सुंदरराव आणि आजी छबुबाई घर बघायला येतो म्हणाले. मामांनी दिवस दिला, कारण नवं घर तयार होतं. मी फॉर्मांच्या गर्दीत अडकलेलो, त्यामुळं तिकडं जाणं झालंच नव्हतं. ज्या दिवशी पाव्हणे येणार त्याच दिवशी सकाळी मामांचा ट्रॅक्टर फडावरून वस्तीवर पोहोचला, आणि पाठोपाठ मोटारसायकलवर मनिषा आणि मी.

वस्तीच्या वळणावर घर दिसलं आणि माझा पाय ब्रेकवरच राहिला.

"अहो," मनिषा मागून म्हणाली, "हे काय झालं?"

ओसरीवरचा स्लॅब उतरत उतरत यायला पाहिजे तसा आला होता, आणि अगदी कडेला येऊन, घरी काहीतरी विसरल्यासारखा, पुन्हा वर गेला होता. अख्ख्या घराच्या पुढं, पीठ मळायची असते तशी, एक लांबच लांब काठवट. आणि त्या काठवटीत पाणी, काठोकाठ! उणेच्या जागी अधिक पडलं होतं. खाली वळायची कड वर वळली होती.

पप्पू मिस्तरी नवा सदरा घालून खाली उभा होता. "या साहेब! दुसऱ्या स्लॅबला पक्का व्हाया पानी साचवायचं तर मातीची आळी करत बसावं लागतंय. ह्याला काय बी न्हाई. येकदा भरलं की भरलं. पार आढ्यापस्तोर चढतंय बघा."

मामा अंगणात पाठमोरे उभे होते. हातात कोयता. ते छपराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले आणि पुन्हा उलटे बघत आले.

"जावई," ते म्हणाले, "वळचण कुठाय?"

"काय?"

"वळचण. म्या फोनवर म्हनलो न्हाई का, घराला वळचण पायजे म्हनून?"

वळचण! भिंतीच्या पुढं हातभर आलेली छपराची कड. जिच्या सावलीला चपला राहतात, शेळी उभी राहते, म्हातारं माणूस टेकून बसतं. आणि जिच्या सापटीत हंगाम संपला की ऊसतोड्या आपला कोयता खोचतो. या भागात हा रिवाजच आहे. कोयता जमिनीवर टेकवायचा नाही. वळचणीला गेला म्हणजे हंगाम संपला, माणूस घरी आला. पत्र्याच्या घराला निदान तेवढी वळचण होती. पक्क्या घराचं मामांना एवढंच वाटत होतं की ती जाऊ नये.

"मामा, मला वळण ऐकू आलं," मी म्हणालो.

"वळण?" मामांनी पुन्हा छपराकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "म्हंजी हे तुमी मुद्दाम केलंय?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण जावयाला शिव्या कशा देणार? ते कोयता हातात धरून तसेच उभे राहिले, ठेवायला जागा नसल्यासारखे. खरंच नव्हती.

कडूबाईमामी पदर तोंडाला लावून वर बघत होत्या. "आढ्याचं पानी वळचनीला येतं म्हनतेत," त्या म्हणाल्या. "हितं वळचनच न्हाई, म्हनून पानी आढ्याला गेलं."

"ते जाऊ द्या," परमेश्वर रडकुंडीला आलेला. "दाजी, पाव्हणे मांजरसुंब्याहून निघालेत. हे डोक्यावर तळं बघितलं तर माझं लगीन काय होत न्हाई."

मग घाईघाईत ठरलं. पप्पूनं शिडी लावून वर जायचं, छिन्नीनं कडेला एक भोक पाडायचं आणि पाणी सोडून द्यायचं. पाव्हणे आले तर आवाज करायचा नाही.

"छिन्नी बिनआवाजाची असती व्हय बे?" पप्पू परमेश्वरला म्हणाला आणि वर चढला.

भोक अर्धं झालं आणि पाव्हण्यांची जीप अंगणात आली. सगळ्यांनी राम राम घातला. पप्पू वर आडवा पडून राहिला. सुंदरराव कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. त्यांनी चपला ओसरीच्या कडेला काढल्या. छबुबाई काठी टेकत आल्या आणि सतरंजीवर बसल्या. मनिषानं पोहे आणले. अजून कुणाचं लक्ष वर गेलेलं नव्हतं, आणि ते जाऊ नये म्हणून मी सारखा जमिनीकडं बघत होतो.

शेतीपाण्याचं बोलणं झालं. मग छबुबाईंनी बशी खाली ठेवली.

"हे बघा पाव्हणं," त्या म्हणाल्या, "घर ल्हान असू द्या, मोठं असू द्या. आमी त्ये बघत न्हाई. माझं म्हननं येकच, घराला वळण पायजे."

ओसरीवर सगळे गार झाले. म्हातारीच्या नजरेतून सुटलं नाही तर! मामांनी माझ्याकडं बघितलं, मग मान खाली घातली. खोटं बोलायचा त्यांचा पिंड नाही.

"आता तुमच्यापासनं काय लपवायचं, आई," ते म्हणाले. "वळण झालंय त्ये लईच झालंय. आमाला नको व्हतं."

"नको व्हतं?" छबुबाई.

"कशाला पायजे? आमच्या बापजाद्याच्या घराला कदी वळण नव्हतं. सुखानं ऱ्हायलो."

सुंदररावांचा पोह्याचा घास हातातच थांबला. "मग आता कुनी लावलं?"

"जावयानं. आमी कारखान्यावर गेलतो, मागं ह्यांनी लावून ठिवलं."

"पर तुमी काळजी करू नका," मामी आतल्या दारातून धीर द्यायला पुढं झाल्या. "तुमची लेक ह्या घरात यायच्या आत समदं वळण काढून टाकतो. खूण बी ऱ्हानार न्हाई."

"मला बी आवडलं न्हाई," नवरदेव म्हणाला. "आपल्या घरान्याला शोभत न्हाई त्ये."

आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाव्हणे घराच्या रीतीभातीचं विचारत होते, माझी सासरवाडी स्लॅबचं सांगत होती!

"अहो, थांबा," मी म्हणालो, "हे ते वळण नाही. हे वळण म्हणजे..."

सुंदररावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पाव्हणं, ह्या घरात येक तुमीच शहाने दिसता. तुमी कसं अडकलात हितं?"

खरं सांगतो, एवढ्या संकटातही मला एक घटकाभर बरं वाटलं. त्या दिवशी मला शहाणं म्हणणारा तो एकटाच माणूस होता. त्या घटकाभरात मी बोलायचा राहिलो, आणि सुंदरराव उठले.

"चला आई. जिथं वळण नको म्हनतेत तिथं आपली पोर द्यायची न्हाई."

ते चपला घालायला ओसरीच्या कडेला गेले आणि वाकले. पोराचं लग्न अंगणातून चाललेलं बघून मामांचा धीर सुटला.

"आवो, जाऊ नका! तुमच्या समोर काढतो," ते ओरडले. "हाण रं पप्पू!"

"कुनाला हाण?" सुंदरराव वाकल्या वाकल्या म्हणाले.

वर पप्पू किती वेळचा छिन्नी धरून हुकमाची वाट बघत पडला होता. त्यानं हातोडा घातला. भोक मोकळं झालं, आणि पप्पूनं जीव लावून भरलेलं सगळं पाणी एका जाड धारेनं खाली आलं. सुंदरराव नेमके तिथंच होते. आधी टोपी गेली. मग इस्त्री गेली. एक चप्पल वाहत वाहत शेळीपर्यंत पोहोचली.

मी कुणाकडंच बघत नव्हतो. माझ्या छपरातून पाणी इतकं सरळ पडू शकतं, याचाच मला धक्का बसला होता.

"झालं का मोकळं?" वरून पप्पूनं विचारलं.

छबुबाई काठी टेकत अंगणात आल्या आणि पहिल्यांदाच मान वर करून बघितलं. स्लॅब बघितला, वर गेलेली कड बघितली, कडेवरून डोकावणारा पप्पू बघितला.

"हे काय म्हनायचं?" त्यांनी विचारलं.

"वळण," मी म्हणालो. "मामांनी वळचण सांगितली होती. मला वळण ऐकू आलं. घर कम्प्युटरवर मी काढलंय."

म्हातारीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती. हसता हसता काठी सुटली, ती मामींनी उचलून दिली.

"आई, मी भिजलोय," सुंदरराव म्हणाले.

"वाळशील. बस खाली." छबुबाई पुन्हा सतरंजीवर टेकल्या. "ज्या घरात जावयाचं असलं काम बी पोटात घालतेत, तिथं माझ्या नातीचं करपलेलं कालवण सुखानं पोटात घालतील. ह्याच्यापरीस वळण आनखी काय असतं? साकर आना."

अशी सोयरीक झाली. सुंदररावांनी मामांचा सदरा घालून साखर खाल्ली, पण एक अट घातली. त्यांच्या लिंबागणेशच्या घराचं काम कधी निघालं, तर ते मला कुणी कळवायचं नाही. मामांनी जागेवर शब्द दिला.

कड मात्र निघाली नाही. आतले गज ओसरीच्या स्लॅबात गेलेत, ती फोडली तर ओसरी खाली येते, असं पप्पू म्हणतो. पप्पूनं काम पक्कं केलंय, तंतोतंत. भोकाच्या खाली साचून राहिलेलं पाणी प्यायला तिथं आता चिमण्या येतात, आणि वस्तीवरचे लोक एकमेकांना विचारतात की पालीच्या धरणात पाणी जास्त का गहिनीनाथाच्या. लग्न मात्र थाटात झालं. सायली त्याच ओसरीवरून घरात आली, आणि वर बघून हसली म्हणतात.

परवा मामा बीडला आले. पोत्याच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काखेत होतं. आम्ही भाड्याच्या पत्र्याच्या घरात राहतो. मामा दारातच थांबले, भिंतीच्या पुढं हातभर आलेला पत्रा त्यांनी नीट बघितला, मग फडकं सोडून कोयता बाहेर काढला.

"हितं खोचू का?" त्यांनी विचारलं. "तिकडं जागा न्हाई. पाडव्यापासनं हातातच घिऊन फिरतोय."

मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "मामा, हे काय विचारणं झालं?"

त्यांनी पत्र्याच्या कडेखाली हात फिरवला. "लई चांगली वळचण हाय. कुनी काढली?"

"घरमालकाच्या आजानं."

"आस्सं." मामांनी मान हलवली. "त्याच्याजवळ कम्प्युटर नसंल."

मनिषा पोट धरून हसली. मीही हसलो, कारण कोयता अजून त्यांच्या हातात होता.